रेडिओ केंद्राचे संगीत आपल्या शहराला मानवते का, हे कसे तपासावे

भारतातील खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी सहक्षेपित करता येतात आणि वाहतूक, हवामान, पाणीपुरवठा, परीक्षांचे निकाल यांसारखी माहिती सांगता येते. बाकीचा सारा भार गाण्यांवर आणि ती सादर करणाऱ्या आरजेवर पडतो. असे असूनही मध्यम आकाराच्या शहरांतील अनेक केंद्रांची गाण्यांची यादी मुंबईतील किंवा दिल्लीतील मुख्यालयात ठरते आणि ती त्या शहरात खरोखर ऐकली जाते का, हे तपासण्याची सवय फार थोड्यांना आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मान्यता दिली. त्या यादीत महाराष्ट्रातील लातूर, चंद्रपूर, यवतमाळ, मालेगाव आणि बार्शी ही गावे आहेत. तेथे केंद्र काढू पाहणाऱ्यांना हाच प्रश्न आधी सोडवावा लागेल. चालू केंद्राच्या प्रोग्रॅमिंग हेडला आणि जाहिरातीचे पैसे मोजणाऱ्या स्थानिक व्यापाऱ्यालाही तो सुटलेला नसतो. पुढील पद्धत समजावण्यासाठी सोलापूरचे उदाहरण घेतले आहे, कारण एकाच शहरात चार भाषांचे कान असल्यावर संगीताची निवड किती अवघड होते, हे तेथे स्पष्ट दिसते.

आधी सिग्नल, मग गाणी

२०११ च्या जनगणनेनुसार सोलापूर महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे साडेनऊ लाख होती. एफएम धोरणातील ‘सी’ वर्ग ३ ते १० लाख वस्तीच्या शहरांचा असून त्यातील केंद्रांची प्रभावी प्रसारणशक्ती ३ ते १० किलोवॉट ठरवून दिलेली आहे. कागदावरील नकाशात एवढ्या शक्तीने सारे शहर व्यापले जाते. प्रत्यक्षात मात्र शहराची वस्ती जेथे वाढत आहे, तेथे जाऊनच आवाज ऐकावा लागतो. सोलापूरजवळ कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाची विडी कामगारांची मोठी वसाहत आहे आणि त्याच परिसरातील रे नगर प्रकल्पात जानेवारी २०२४ मध्ये १५,००० घरांचे हस्तांतरण झाले. हजारो संभाव्य श्रोते महापालिकेच्या हद्दीबाहेर राहत असतील, तर केवळ हद्दीतील लोकसंख्या धरून केलेला हिशेब चुकतो.

या तपासणीसाठी महागडे उपकरण लागत नाही. साधा दोन बँडचा संच आणि एफएमची सोय असलेला मोबाइल एवढे पुरते. मोबाइलमध्ये वायरचा इअरफोनच अँटेनाचे काम करतो, त्यामुळे ब्लूटूथच्या इअरफोनवर भागत नाही. पत्र्याच्या छपराखाली, सिमेंटच्या घराच्या आतल्या खोलीत, रिक्षात आणि बाजारपेठेत केंद्र लावून पाहावे आणि कोठे खरखर येते, कोठे शेजारचे केंद्र मिसळते याची नोंद करावी. जेथे आवाजच नीट पोहोचत नाही, त्या भागातील श्रोते कमी भरले म्हणून गाण्यांना दोष देता येत नाही. ही गोष्ट उघड आहे, तरी संगीताचा बाज बदलण्याचे निर्णय ती न तपासता घेतले जातात.

केंद्र प्रत्यक्षात काय वाजवते, ते लिहून काढावे

केंद्राची घोषवाक्ये आणि केंद्राचे प्रक्षेपण यांत बरेच अंतर असू शकते. म्हणून ‘आम्ही सुपरहिट गाणी वाजवतो’ यावर विसंबू नये. एक साधा दिवस, एक शनिवार आणि एक रविवार निवडावा. प्रत्येक दिवशी सकाळ, दुपार, सायंकाळ आणि रात्र यांतील दोन-दोन तास केंद्र लावून बसावे आणि वहीत प्रत्येक गाण्यापुढे भाषा, अंदाजे वर्ष, संथ की उडत्या चालीचे, चित्रपटातील की स्वतंत्र, आणि लागल्याची वेळ एवढे लिहावे. दोन गाण्यांमध्ये आरजे किती वेळ बोलला आणि जाहिराती किती मिनिटे चालल्या, हेही लिहावे. तीन दिवसांत वही भरते आणि तिच्यातून केंद्राचा खरा फॉरमॅट, म्हणजे कोणती गाणी कधी वाजवायची याचा साचा, समोर येतो. अनेकदा असे आढळते की स्वतःला सर्वांचे म्हणवणाऱ्या केंद्रावर मराठी गाणी पहाटेच्या भक्तिगीतांपुरती आणि रविवारच्या एखाद्या तासापुरती उरलेली असतात.

या वहीतून सर्वांत मोलाची माहिती मिळते ती पुनरावृत्तीची, आणि येथे थोडा हिशेब करणे अपरिहार्य आहे. समजा, केंद्र तासाला १२ गाणी वाजवते आणि त्यांपैकी ५ गाणी सर्वाधिक लोकप्रिय अशा २० गाण्यांच्या गटातून येतात. याचा अर्थ त्या गटातील प्रत्येक गाणे दर चार तासांनी परत लागते. गाडीतून कामावर जाताना पंचवीस मिनिटे रेडिओ ऐकणाऱ्याला यात काहीच खटकणार नाही. उलट केंद्र लावले की आवडीचे गाणे भेटते, म्हणून तो खूश असतो. पण जी व्यक्ती सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत संच चालू ठेवते, तिला त्या गटातील प्रत्येक गाणे दररोज किमान एकदा आणि बरीचशी दोनदा ऐकावी लागतात. शिवाय चार तासांचे आवर्तन २४ ला पूर्ण भागत असल्यामुळे आज आठ, बारा आणि चार वाजता लागलेले गाणे उद्याही त्याच वेळांना लागते. त्याच गटात २० ऐवजी २३ गाणी ठेवली, तर आवर्तन सुमारे साडेचार तासांवर जाते आणि वेळा रोज सरकत राहतात. श्रोता ‘या केंद्रावर सारखी तीच ती गाणी असतात’ अशी तक्रार करतो, तेव्हा गाण्यांचा प्रकार चुकलेला असतोच असे नाही. बहुधा आवर्तन चुकलेले असते. वहीतून हे दोन दोष वेगळे काढता येतात.

शहर कधी ऐकते आणि कोणत्या भाषेत ऐकते

सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगूभाषक पद्मशाली समाजाची दाट वस्ती आहे. यंत्रमाग, चादर आणि टॉवेल यांचा धंदा या समाजाच्या श्रमावर उभा राहिला आणि घरोघरी विड्या वळण्याचे काम मुख्यतः तेथील स्त्रिया करत आल्या. शहराच्या जुन्या भागात कन्नड बोलणारी लिंगायत घराणी आहेत, दख्खनी-उर्दू बोलणाऱ्या मुस्लिम वस्त्या आहेत आणि जुळे सोलापुरासारख्या नव्या वसाहतींत नोकरदार मराठी कुटुंबे आहेत. यांतील बहुतेक जण बाहेर मराठी किंवा हिंदी सहज बोलतात. त्यामुळे केवळ ‘सर्वांना हिंदी समजते’ या आधारावर हिंदी चित्रपटगीतांचा सरसकट फॉरमॅट ठरवणे सोपे वाटते. समजणे आणि आपले वाटणे यांत फरक आहे, आणि तो फरक मोजण्यासाठीच पुढील कष्ट घ्यायचे असतात.

जनगणनेतील मातृभाषेचे जिल्हानिहाय तक्ते आणि वयोगटांचे तक्ते पायाभूत म्हणून जरूर पाहावेत. २०११ चे आकडे जुने झाले आहेत, तरी भाषांचे परस्पर प्रमाण समजण्यासाठी ते उपयोगी पडतात. पण रेडिओसाठी त्याहून महत्त्वाचे आहे ते शहराच्या कामाचे घड्याळ. विडी वळणाऱ्या बाईच्या मांडीवर सूप असते, त्यात कापलेली तेंदूची पाने आणि तंबाखू. पान वळणे, तोंड दुमडणे आणि दोरा बांधणे यांत दोन्ही हात आणि डोळे गुंतलेले असतात. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळत असल्यामुळे हे काम तासन्‌तास चालते. तिला मोबाइलवर व्हिडिओ पाहता येत नाही आणि दर तीन मिनिटांनी गाणे बदलण्यासाठी हात रिकामा नसतो. रेडिओला याहून चांगला श्रोता मिळणे कठीण आहे, आणि तरीही दुपारची वेळ बिनमहत्त्वाची समजून त्या वेळी कोणतीही गाणी भरणारी केंद्रे आहेत. यंत्रमागाच्या शेडमध्ये स्थिती उलटी असते. तेथील खडखडाटात लाउडस्पीकरवर काही ऐकू येत नाही, म्हणून कामगार रेडिओ ऐकत असलाच तर तो पाळी सुटल्यावर किंवा चहाच्या टपरीवर. एकाच वस्तीतील या दोन श्रोत्यांसाठी वेळ वेगळी आणि गाण्यांची यादी किती लांब हवी, हेही वेगळे.

शहरातील लोकांशी बोलताना प्रश्न कसा विचारला जातो, यावर उत्तराची किंमत ठरते. ‘तुम्हाला कोणती गाणी आवडतात?’ असे विचारले, की लोक भावगीते, अभंग आणि जुनी अवीट गाणी सांगतात, कारण पाहुण्यासमोर आपली अभिरुची चांगली दिसावी अशी प्रत्येकाची इच्छा असते. त्या उत्तरांवर फॉरमॅट उभा केला, तर केंद्राची स्तुती सर्व जण करतील आणि ऐकणारे थोडे निघतील. म्हणून विचारावे ते कालच्याबद्दल: काल रेडिओ लावला होता का, किती वाजता, कोठे बसून, कोणते केंद्र, किती वेळ, आणि बंद केला किंवा केंद्र बदलले ते नेमके कशामुळे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शब्दशः लिहून घ्यावे. ‘जाहिराती लागल्या’, ‘पोरगा अभ्यासाला बसला’, ‘तेच गाणे परत आले’ ही तीन उत्तरे तीन वेगळ्या दिशा दाखवतात.

ज्यांच्या पोटाचा प्रश्न गावाच्या आवडीशी बांधलेला आहे, अशा लोकांनाही भेटावे. लग्नातील बँडवाले, ऑर्केस्ट्राचे निवेदक, मंडळांच्या मिरवणुकांसाठी साउंड सिस्टीम भाड्याने देणारे आणि लांब पल्ल्याच्या खासगी बसचे चालक यांना कोणत्या गाण्यावर माणसे थांबतात आणि कोणत्या गाण्यावर पांगतात, हे पक्के ठाऊक असते. भीमजयंतीला, शिवजयंतीला, गणेशोत्सवात आणि पूर्व भागातील मार्कंडेय रथोत्सवात काय वाजते, याची यादी त्यांच्याकडून घेता येते. त्या यादीतील भीमगीते, कोळीगीते, लोकगीते किंवा तेलुगू गाणी केंद्राच्या यादीत औषधालाही नसतील, तर ती तपासायलाच हवीत. मिरवणुकीत नाचायला आवडणारे प्रत्येक गाणे घरात सकाळी अकरा वाजता ऐकवेल असे मात्र नाही, ही मर्यादा येथे ध्यानात ठेवावी.

रिकामी जागा खरोखर रिकामी आहे का

शहरात ऐकू येणाऱ्या प्रत्येक केंद्राची वर सांगितल्याप्रमाणे एकेक दिवसाची नोंद करावी. आकाशवाणीला यातून वगळण्याची चूक सर्रास होते. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ पासून चालू आहे आणि जुन्या हिंदी चित्रपटगीतांची जी सवय तिने लावली, तिच्याशी स्पर्धा करणाऱ्या नव्या रेट्रो केंद्राला फार विचार करावा लागतो. आकाशवाणीची स्थानिक केंद्रे मराठी सुगम संगीत आणि लोकसंगीत वाजवतात, पण त्यांच्या सभांच्या, म्हणजे प्रसारणाच्या सत्रांच्या, वेळा ठरलेल्या असतात. त्या वेळांबाहेर मराठी गाण्यांची भूक शिल्लक राहते का, हा शोधण्याजोगा प्रश्न आहे.

एखादा प्रकार कोणतेच केंद्र वाजवत नाही, एवढ्यावरून तेथे संधी आहे असे ठरत नाही. मुंबईत पूर्णवेळ इंग्रजी गाण्यांचे केंद्र चालवून पाहता येते, कारण तेथे त्या श्रोत्यांसाठी पैसे मोजणारे जाहिरातदार आहेत. तेच गणित सोलापुरात बसणार नाही. तेलुगू गाण्यांचे उदाहरण अधिक नाजूक आहे. श्रोते आहेत, आवड आहे, दुपारचा वेळ आहे. परंतु पूर्णवेळ तेलुगू केंद्र काढले, तर उरलेल्या तीन भाषांचे श्रोते दूर जातील. माझ्या मते अशा ठिकाणी फॉरमॅट बदलण्यापेक्षा दिवसातील ठरावीक तास एका भाषेला देणे हितावह आहे, आणि ते तास रोज त्याच वेळी असले पाहिजेत. आठवड्यातून एकदा रविवारी रात्री दिलेला तास कोणाच्याही सवयीचा होत नाही.

निवडलेल्या प्रकाराची गाणी हक्कांसह मिळतात का, हेही याच टप्प्यावर पाहावे. मराठी गाण्यांचे हक्क मोठ्या कंपन्यांबरोबरच अनेक लहान कंपन्यांकडे विखुरलेले आहेत, आणि लोकगीतांच्या जुन्या कॅसेटचे हक्क कोणाकडे आहेत याचा माग काढण्यात महिने जातात. पाचशे गाण्यांचा संग्रह कागदावर मांडता येतो, पण प्रक्षेपणायोग्य दर्जाची आणि हक्क स्पष्ट असलेली गाणी त्यातून दीडशेच उरली, तर आवर्तनाचा वर मांडलेला हिशेब कोलमडतो.

गाण्यांची चाचणी

टॅम या संस्थेने २००७ साली सुरू केलेली ‘रॅम’ ही श्रोत्यांची मोजणी मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि कोलकाता या चार महानगरांपुरती होती. सोलापूर, नांदेड किंवा जळगाव येथील केंद्रांना तसा आधार कधीच मिळाला नाही. त्यामुळे लहान शहरातील केंद्राने स्वतःची चाचणी स्वतः करणे भाग आहे.

प्रत्येक गाण्यातील सर्वांत ओळखीच्या ओळीचा सात ते दहा सेकंदांचा तुकडा घ्यावा; रेडिओच्या भाषेत त्याला हुक म्हणतात. असे चाळीस तुकडे एकामागून एक ऐकवावेत, त्याहून अधिक ऐकवल्यास लोक थकतात आणि शेवटची उत्तरे निरुपयोगी ठरतात. प्रत्येक तुकड्यासाठी पाचच उत्तरे ठेवावीत: ओळखीचे नाही, आवडत नाही, चालेल, आवडते, आता कंटाळा आला. केंद्राचे नाव कोठेही सांगू नये आणि तुकड्यांचा क्रम प्रत्येक गटासाठी बदलावा. माणसे निवडताना वय, स्त्री-पुरुष, भाषा आणि वस्ती यांचे प्रमाण आधी ठरवून घ्यावे. केंद्राच्या सोशल मीडियावरील चाहत्यांना किंवा फोन करून फर्माईश सांगणाऱ्यांना या चाचणीत घेऊ नये, कारण ते आधीपासूनच केंद्राच्या बाजूचे असतात.

नीट निवडलेल्या शंभर माणसांच्या उत्तरांत दहा टक्क्यांपर्यंतची तफावत योगायोगाने येऊ शकते, म्हणून ५२ आणि ४८ अशा गुणांत फरक शोधू नये. भाषेनुसार पंचवीस-पंचवीसचे चार गट केले, तर प्रत्येक गटातील तफावत आणखी वाढते आणि तेथे केवळ ठळक कल वाचावा. ‘ओळखीचे नाही’ हे उत्तर अधिक आले, तर गाणे वाईट ठरत नाही. ते अजून पुरेसे वाजलेले नाही. चारपैकी एकाने ‘कंटाळा आला’ म्हटले, तर ते गाणे काही आठवडे बाजूला ठेवावे. आणि पूर्व भागात खूप आवडलेले गाणे जुळे सोलापुरात ‘आवडत नाही’ या रकान्यात गेले, तर सरासरी काढून दोन्ही उत्तरे पुसून टाकू नयेत. सर्वांना फक्त ‘चालेल’ अशी गाणी भरत गेलेल्या केंद्राला कोणी विरोध करत नाही आणि त्याच्यासाठी कोणी संचही लावत नाही.

जाहिरातदाराचा विचार

याबद्दल थोडक्यात सांगता येईल. लहान शहरातील केंद्राचा खर्च साडीची दुकाने, सराफ, खासगी शिकवण्या, रुग्णालये, बियाणे-खते विक्रेते आणि बांधकाम व्यावसायिक यांच्या जाहिरातींवर बराचसा निघतो. फॉरमॅटने जमवलेला श्रोता या दुकानांचा ग्राहक आहे का, हे विक्री विभागाला न विचारता थेट दुकानदारांना विचारावे. महाविद्यालयीन मुलांना आवडणारी गाणी दिवसभर वाजवणारे केंद्र आणि लग्नाच्या बस्त्याचे निर्णय घेणाऱ्या चाळिशीच्या बायका, यांची गाठ पडत नसेल तर श्रोते असूनही केंद्र तोट्यात जाते. विडी कामगार स्त्रियांकडे खर्चाला पैसा नाही असे मानून त्यांना वगळणेही चुकीचे आहे. किराणा, भांडी, मुलांची शाळा आणि सणाची खरेदी यांचे निर्णय त्याच घेतात.

निष्कर्ष काढताना

आता दोन आकडे शेजारी मांडावेत: काल केंद्र लावणारे किती, आणि त्यांनी सरासरी किती वेळ ऐकले. लावणारे थोडे पण ऐकणारे दीर्घकाळ ऐकत असतील, तर संगीत मानवलेले आहे आणि केंद्राची ओळख पोहोचलेली नाही. अशा वेळी गाण्यांना हात लावू नये, प्रसिद्धीवर आणि सिग्नलवर खर्च करावा. लावणारे पुष्कळ पण पंधरा मिनिटांत सोडून जाणारेही पुष्कळ असतील, तर नोंदवही उघडून आवर्तन, जाहिरातींची लांबी आणि आरजेचे बोलणे या क्रमाने दोष शोधावा. लावणारेही थोडे, ऐकण्याचा वेळही थोडा आणि चाचणीत यादीतील निम्म्याहून अधिक गाणी ‘आवडत नाही’ किंवा ‘ओळखीचे नाही’ या रकान्यांत, असे तिन्ही एकत्र आले तरच फॉरमॅट चुकला असे म्हणावे. भाषेनुसार आकडे वेगळे काढल्यावर एकाच गटात हे घडत असल्याचे दिसले, तर त्या गटाच्या ऐकण्याच्या तासांपुरता बदल पुरेसा आहे.

बदल एका वेळी एकाच गोष्टीत करावा. दुपारच्या तासांतील गाणी बदलली, तर त्याच आठवड्यात सकाळचा आरजे बदलू नये, नाहीतर परिणाम कशाचा झाला हे कळणार नाही. किमान तीन महिने तो बदल टिकवावा. बदलाआधीची आणि बदलानंतरची अशा दोन्ही फेऱ्यांची मोजणी जून-जुलैत किंवा फेब्रुवारीत करावी. सोलापुरातील सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस, गणेशोत्सव, नवरात्र आणि दिवाळी यांत माणसांचे घरी असणे, काम आणि ऐकणे सारेच वेगळे असते. दुसऱ्या फेरीत प्रश्न तेच, वस्त्या त्याच आणि आठवड्याचा वारही तोच ठेवावा, आणि पहिल्या फेरीत ज्या घरांनी केंद्र सोडल्याचे कारण सांगितले होते, त्यांतील काही घरी मुद्दाम परत जाऊन ते कारण आता उरले आहे का, हे विचारावे.